दोन खांब धावायचं, एक खांब चालायचं

आमच्या पिढीला धावायला कुणी शिकवलं नाही, धावायला लावलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. गृहपाठ राहिला की मैदानाला दोन राऊंड, रांगेत बोललं की चार. पी.टी.च्या सरांच्या ओठांत शिट्टी, मैदानाच्या कडेने फक्कीची पांढरी रेघ आणि त्या रेघेच्या बाहेरून धावणारे आम्ही. आतून गेलं तर तो राऊंड धरत नसत. वेग किती ठेवायचा हे कुणी सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. अर्धा राऊंड सुसाट, मग कुशीत कळ, मग गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले, मग पुन्हा शिट्टी. धावणं म्हणजे धाप लागणं, आणि धाप लागत नसेल तर अंगचोरपणा चाललाय, अशी सगळ्यांचीच समजूत होती.

आज एखाद्या रविवारी पहाटे साडेपाचला दादरच्या शिवाजी पार्कला जा, मरीन ड्राइव्हला जा, पुण्यात तळजाईवर जा, कोल्हापुरात रंकाळ्यावर जा. चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच धावायचे बूट बांधणारी माणसं तिथे दिसतील. त्यांचा कोच पहिल्या दिवशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: सावकाश. अजून सावकाश. पेस विसरा, शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. आम्हाला हे वाक्य कानावर पडायला अर्धं आयुष्य जावं लागलं. म्हणून पुढे जे काही लिहिणार आहे, त्याआधी हे स्वच्छ सांगतो, की नव्याने धावू लागणाऱ्या माणसासाठी आजचा काळ चांगला आहे. आमच्या वेळचा वाईट होता. आमच्यातल्या कितीतरी जणांचं धावणं शाळा सुटल्यावर बस पकडण्यापुरतं उरलं. त्याला आळस कारण नव्हता. चुकीच्या वेगाने, शिक्षा म्हणून झालेली पहिली ओळख त्याला कारण होती.

आणि तरीही त्या काळातलं काही आठवत राहतं.

शाळेतच, त्या शिट्टीच्या मैदानावर, एका कोपऱ्यात स्काउटचं पथक भरायचं. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांच्या जुन्या कसोट्यांमध्ये 'स्काउट पेस' नावाची एक कसोटी होती. थोडी पावलं धावायचं, थोडी चालायचं, पुन्हा धावायचं, आणि एक मैल १२ मिनिटांत पार करायचा. लांबचं अंतर न दमता कापता यावं हा त्यामागचा हेतू. बारा मिनिटांत मैल म्हणजे आजच्या हिशेबात किलोमीटरला साडेसात मिनिटं. आजचे रनिंग ग्रुप नवख्यांना जो सात-साडेसात-आठचा पेस सुचवतात, तो खाकी चड्डी आणि गळ्यात स्कार्फ घातलेल्या पोरांना कधीच ठाऊक होता. पण स्काउटमध्ये वर्गातली मोजकीच मुलं असत. बाकीच्यांच्या वाट्याला राऊंड.

बाकीच्यांची शाळा उन्हाळ्याच्या सुटीत भरायची, गावी. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला विजेचे खांब असत. प्रत्येक खांबावर कवटीचं चित्र असलेली पत्र्याची लाल पाटी, तिच्याखाली गुंडाळलेली काटेरी तार, आणि खांबाला हात लावायचा नाही म्हणून घरून मिळालेली तंबी. ऊन तापायच्या आत आम्ही मामे-मावस भावंडं त्या रस्त्याला लागायचो. दोन खांब धावायचं, एक खांब चालायचं. नियम थोरल्या मामेभावाने घालून दिलेला, आणि त्याला एक पोटनियमही होता: सगळ्यात धाकटं भावंड खांबापाशी पोचल्याशिवाय पुढचा खांब सुरू करायचा नाही. त्यामुळे सगळ्यांचा वेग आपोआप उतरायचा. धाकट्याला धाप लागली की त्याच्यासाठी तीन खांब चालायचं. चालताना कालच्या आंब्यांचा हिशेब व्हायचा, विहिरीतल्या कासवाबद्दल थापा व्हायच्या, आणि पुन्हा धावायची वेळ आली तरी गोष्ट अर्धी राहिलेली असायची, म्हणून ती धावताधावता पुरी करायची. आम्ही किती वेगाने धावलो ते कुणालाच माहीत नव्हतं. बोलता येण्याइतक्या वेगाने धावलो, हे मात्र आज खात्रीने सांगता येतं, कारण त्या गोष्टी अजून लक्षात आहेत.

आज तेच काम मनगटावरचं घड्याळ करतं. दोन मिनिटं धावा, एक मिनिट चाला. वेळ झाली की मनगटाला हलकी थरथर जाणवते. अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावले आणि नंतर आयुष्यभर सामान्य माणसांना हीच धाव-चाल शिकवत राहिले. त्यांच्यामुळे आज कुणी मधेच चालू लागलं तर त्याला हार मानल्यासारखं वाटत नाही. हा मोठाच फायदा आहे. आमच्या मैदानावर चालणाऱ्याला हसत असत. शिवाय खांबांमधलं अंतर सारखं नसायचं, घड्याळातलं मिनिट सारखं असतं. शरीराच्या दृष्टीने नवी पद्धत जुनीपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. फक्त घड्याळ धाकट्या भावंडासाठी थांबत नाही, आणि मला वाटतं योग्य वेगाचं सगळं मर्म त्या थांबण्यात होतं.

ही माझी एकट्याची भावुकता असती तर मी ती मनातच ठेवली असती. पण जगभर हौशी माणसांचं धावणं जिथून पसरलं तिथली गोष्टही अशीच आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड साठच्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये साध्यासुध्या, वय झालेल्या, काही तर हृदयविकारातून उठलेल्या माणसांना सावकाश धावायला शिकवत होते. १९६२ साली अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बोवरमन तिकडे गेले आणि त्या मंडळींबरोबर टेकडीवर धावायला निघाले. आयुष्य धावपटू घडवण्यात गेलेलं, पन्नाशीतला माणूस. थोड्याच वेळात त्यांचा दम संपला. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक गृहस्थ मुद्दाम मागे राहिले आणि गप्पा मारत त्यांना बरोबर घेऊन गेले. बोवरमन मायदेशी परतले आणि त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर 'जॉगिंग' नावाचं पुस्तक लिहिलं. पुढे अमेरिकेत जी लाट आली तिच्या मुळाशी मागे राहून बोलत राहिलेला एक म्हातारा होता. त्या म्हाताऱ्याने कुठलंही यंत्र वापरलं नाही. पाहुण्याला वाक्य पुरं करता येतंय की नाही, एवढंच त्याने ऐकलं.

त्या ऐकण्यामागचं शास्त्र सरळ आहे. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंत तयार होणारं आम्ल आवरण्यासाठी शरीराला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकावा लागतो आणि श्वास आपोआप जलद होतो. बोलायचं तर उच्छ्वास लांबवावा लागतो. घाईत असलेल्या श्वासाला तेवढी उसंत नसते. म्हणून वाक्य मधेच तुटतं. आता व्यायामशास्त्रात या कसोटीला 'टॉक टेस्ट' म्हणतात आणि नवख्यांसाठी ती भरवशाची मानतात. दुसरंही एक कारण आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. स्नायुबंध आणि हाडं महिने घेतात. दम टिकू लागला म्हणून वेग वाढवणाऱ्याच्या नडग्या आणि टाचा मग दुखू लागतात, आणि चार महिन्यांत बूट माळ्यावर जातात. शाळेत आमचं जे मैदानावर झालं तेच आज पन्नाशीत पदपथावर होतं. फरक इतकाच की तेव्हा सावकाश धावा असं सांगणारं कुणी नव्हतं, आज सगळे सांगतात आणि तरी होतं.

का होतं, याचं उत्तर मनगटाकडे पाहिल्यावर मिळतं. आमच्या वडिलांच्या हातात एच.एम.टी. असायचं, ते आंघोळीच्या वेळी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलेलं असायचं. सकाळी टेकडीवर गेलेल्या माणसाला वेळेचं बंधन एकच: सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या आत घरी यायचं. तेवढ्या वेळात किती अंतर झालं, दर किलोमीटरला किती मिनिटं लागली, याची नोंद कुठेच होत नसे, त्यामुळे काल आणि आज यांची तुलनाही होत नसे. कालच्यापेक्षा आज बरं वाटलं की नाही, एवढंच माणूस सांगायचा. आता घरी पोचायच्या आधी आपला पेस दीडशे लोकांच्या फोनवर पोचलेला असतो. त्यावर अंगठे येतात, शाबासकी येते, आणि त्या शाबासकीने अनेकांना टिकवून धरलं आहे, हेही मी पाहिलं आहे. पण आठच्या पेसने छान धावत असलेली बाई साडेसातवाल्या मैत्रिणीचा आकडा पाहून दुसऱ्या दिवशी साडेसातने निघते, तेव्हा पी.टी.च्या सरांची शिट्टीच परत आलेली असते. ही शिट्टी आपण पैसे देऊन विकत घेतली आहे.

घड्याळातला 'झोन टू', म्हणजे नाडीच्या कमाल ठोक्यांच्या हिशेबाने ठरवलेला हलक्या धावण्याचा टप्पा, हा अधिक शहाणा शोध आहे, कारण तो वेगाऐवजी नाडी पाहतो. तोही कशावर उभा आहे हे नवख्याला माहीत असावं. कमाल ठोके काढण्याचं '२२० वजा वय' हे सूत्र फॉक्स आणि हास्केल यांनी १९७० च्या सुमारास, आधी झालेल्या अभ्यासांतले आकडे एकत्र ठेवून सुचवलं. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ते सुधारून '२०८ वजा वयाचे सात दशांश' असं मांडलं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पहिलं सूत्र कमाल ठोके १६५ सांगतं, दुसरं १६९-१७०. दोन्ही सरासरी आहेत. एकेका माणसाचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असणं नेहमीचंच. पट्टा सैल असला तर मनगटावरचा सेन्सर कधीकधी नाडीऐवजी पावलंच मोजून बसतो. मग लाल रंग दिसतो म्हणून माणूस घाबरून थांबतो, किंवा हिरवा दिसतो म्हणून धापा टाकत पळत राहतो.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी साठच्या दशकात या सगळ्याच्या आधीच एक वेगळी वाट दाखवली होती. त्यांनी माणसालाच विचारलं: किती जड जातंय? उत्तरासाठी त्यांनी सहापासून वीसपर्यंतची मोजपट्टी दिली. सहा म्हणजे काहीच कष्ट नाहीत, वीस म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. अकराला हलकं, तेराला थोडं जड. सुरुवात सहापासून, कारण दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके निघतात. नवख्याने अकरा-बाराच्या आसपास राहावं. एका शास्त्रज्ञाने माणसाच्या सांगण्यावर इतका विश्वास टाकला, हे मला या सगळ्या प्रकरणात फार मोलाचं वाटतं.

जुन्या काळाबद्दल हळवं होताना एक गोष्ट मात्र मी स्वतःला विसरू देत नाही. त्या खांबांच्या रस्त्यावर मामेबहिणी होत्या, पण काही उन्हाळ्यांपुरत्याच. एकेका सुटीत एकेक जण गळत गेली. मोठी झाली, आता रस्त्यावर धावणं बरं दिसत नाही, असं घरात ठरलं. आमच्या आया तर कधीच धावल्या नाहीत. त्या पर्वतीच्या पायऱ्या चढत, नळावरून दोन हंडे आणत, पण नऊवारीत किंवा गोल साडीत रस्त्याने सावकाश, मजेत, कारण नसताना धावणारी बाई आम्ही पाहिली नाही. जगही फार पुढे नव्हतं. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची पहिली मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसला झाली; त्याच्या आधीच्या ऑलिम्पिकपर्यंत त्यांच्यासाठी सगळ्यात लांबची शर्यत १५०० मीटरची होती. आमच्या बहिणींना सोयीचा वेग शोधायची संधीच मिळाली नाही.

आज साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉनच्या दिवशी उभं राहिलं, किंवा जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर, तर ठरलेला वेग राखून धावणाऱ्या पेसरच्या झेंड्यामागे ओळीने बायका जाताना दिसतात. कुणी लेगिंग्ज घातलेल्या, कुणी नऊवारी नेसलेल्या, केस पांढरे झालेल्या. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली, माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओच्या अंतिम फेरीत स्टीपलचेस धावली. त्यांच्यामुळे खेड्यातल्या मुलीचं धावणं घरच्यांना अभिमानाचं झालं. पुण्यात १९८३ ला आणि मुंबईत २००४ ला मोठ्या मॅरेथॉन सुरू झाल्या, त्यांनी आधी धावणाऱ्यांना आणि मग हळूहळू सगळ्यांनाच रस्ता मोकळा करून दिला. जुन्या काळाकडे यातलं काहीही नव्हतं. मला कुणी त्या काळात परत जायला सांगितलं तर माझ्या बहिणींसाठी मी नाही म्हणेन.

अनवाणी धावण्याच्या आठवणींबद्दलही तेच. शिवनाथ सिंग अनवाणी धावायचे; १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ते मॅरेथॉनला अकरावे आले आणि १९७८ ला जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला. किलोमीटरला तीन मिनिटं आठ सेकंद! तो चार दशकांहून अधिक काळ टिकला. आम्ही शहरी मंडळी हे सांगताना बुटांच्या किमतींवर टीका करतो आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे लहानपणी किती किलोमीटर शाळेला जायचा हेही कौतुकाने सांगतो. गावाला एस.टी. वेळेवर आली असती तर तीही पोरं बसनेच गेली असती. त्यांची पायपीट ही गरज होती. आमच्या सुटीतले खांब ही चैन होती. दोन्ही एका तराजूत घालणं बरं नाही. तसंच आज गावोगावी पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचं. त्यांना सोळाशे किंवा आठशे मीटर घड्याळाच्या काट्यावर काढायचे असतात. नोकरी त्या सेकंदांवर ठरते. त्यांना सावकाश धावा म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पण ज्यांची नोकरी सेकंदांवर ठरत नाही, त्यांच्यासाठी जे हरवलं ते परत आणता येण्यासारखं आहे, आणि त्याला खर्चही नाही. धावण्याआधी कोपऱ्यावर उभं राहून कुणाची तरी वाट पाहणं. निघाल्यावर पहिली दहा मिनिटं नुसतं चालणं. वळणावर मागे वळून पाहणं. उशीर झालेल्या गड्याने दुसरं वळण गाठेपर्यंत जागच्या जागी पाय हलवत राहणं. परतल्यावर टपरीवर कटिंग घेताना धावण्याबद्दल एक शब्दही न बोलणं, कारण बोलायचं ते रस्त्यातच बोलून झालेलं असायचं. आताच्या ग्रुपमध्ये माणसं भरपूर असतात, कित्येकदा शंभरावर. पण अनेकांच्या कानात एअरपॉड असतात आणि प्रत्येक जण आपापल्या पेसशी बांधलेला असतो. पूर्वी आम्ही दोघे-तिघेच असायचो आणि आमच्यात वेग मात्र एकच असायचा, सगळ्यात हळू धावणाऱ्याचा.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझी विनंती. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग पहिले काही महिने आकडा पाहू नका. घड्याळ घालायचंच असेल तर परतल्यावर बघा. धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा, आणि तो लाजिरवाणा वाटण्याइतका कमी असेल तर तो बरोबर आहे असं समजा. चढ आला, ऊन चढलं, रात्री झोप झाली नाही, की तो अजून उतरेल. त्या दिवसापुरता तोच तुमचा वेग. एकटे असाल तर सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. सतरा नव्वं त्रेपन्नासेपर्यंत श्वास तुटला नाही तर ठीक चाललंय, चौथ्या-पाचव्यालाच तुटला तर चालायला लागा.

आणि ज्यांना आधीपासून धावता येतं, त्यांना वेगळं सांगणं आहे. तुमच्या घरात पन्नाशीतली आई, सासू, आत्या कुणी 'मलाही जमेल का' असं विचारत असेल, तर तिला घड्याळ भेट देऊ नका. आठवड्यातल्या दोन सकाळी द्या, तिच्या बाजूने धावा, तिच्याच वेगाने, आणि ती बोलायची थांबली की तुम्ही आधी चालायला लागा.